पत्रा चौदा फुटांवर असतानाही डोके का भाजते?

अक्कलकोट रोडच्या औद्योगिक वसाहतीत टॉवेलचा यंत्रमाग कारखाना चालवणाऱ्या एका तरुण मालकांनी प्रश्न विचारला आहे. त्यांची शेड ४० फूट रुंद आणि ६० फूट लांब असून तीत २४ माग आहेत. वर जस्ती पत्रा आहे आणि तो जमिनीपासून सुमारे १४ फुटांवर आहे. उन्हाळ्यात दुपारी दोननंतर डोके आणि खांदे भाजल्यासारखे होतात, मागावर उभे राहवत नाही, अशी कामगारांची तक्रार आहे. मालकांच्या वडिलांचे म्हणणे असे की गरम हवा नेहमी वर जाते, त्यामुळे पत्र्याची उष्णता खाली येणे शक्यच नाही आणि ही सारी झळ मागांच्या मोटारींची आहे. एका ठेकेदाराने छप्पर चार फुटांनी उंच करायला सांगितले आहे, तर दुसऱ्याने छपरावर वाऱ्याने फिरणारे टर्बो व्हेंटिलेटर बसवायला सांगितले आहेत. पत्र्याला कोणाचा स्पर्श होत नाही, मधली हवा उष्णता खाली आणत नाही, मग ती खाली येते कशी आणि पैसा नेमका कशावर घालावा, असा त्यांचा प्रश्न आहे.

बॉयलर, वाफेच्या नळ्या, रंगाईच्या टाक्या आणि कारखान्यांची छपरे यांच्यापासून उष्णता कशी अडवावी, हेच काम मी सोलापुरात जवळजवळ तीस वर्षे करीत आलो आहे. हा प्रश्न मला दर उन्हाळ्यात कोणीतरी विचारतोच, आणि तो योग्य शब्दांत विचारला जातो तेव्हा अर्धे उत्तर त्यातच असते. तुमच्या वडिलांचे निरीक्षण अगदी खरे आहे. गरम हवा हलकी होऊन वर जाते आणि पत्र्याखाली तिचा एक थर साचून राहतो. तो थर खाली उतरत नाही, उलट वरच्या उष्णतेने अधिकच स्थिर होतो. म्हणजे हवेच्या अभिसरणाने उष्णता पत्र्याकडून खाली येत नाही हे मान्य करावेच लागते. छपराला आधार देणाऱ्या लोखंडी कैच्यांतून आणि खांबांतून जी वहनाने, म्हणजे धातूतून सरकत, येते ती फारच थोडी असते. अशा रीतीने दोन वाटा बंद झाल्यावरही जर डोके भाजत असेल, तर उष्णता तिसऱ्या वाटेने येत आहे, आणि ती वाट म्हणजे प्रारण. तापलेला पत्रा अदृश्य किरणे खाली फेकतो, ती मधल्या हवेला फारसे न तापवता सरळ माणसाच्या अंगावर, मागांवर आणि जमिनीवर पडतात आणि तेथे शोषली गेल्यावरच त्यांची पुन्हा उष्णता होते.

यावर माझ्या शब्दावर विश्वास ठेवण्याची गरज नाही. उद्या दुपारी तीन वाजता शेडच्या मध्यभागी, पंख्याच्या झोतापासून दूर, उभे राहा. हात छातीच्या उंचीवर पुढे धरा आणि तळवा आधी आढ्याकडे करा. दहापर्यंत आकडे मोजा आणि मग तोच तळवा जमिनीकडे उलटा करा. वर पाहणाऱ्या तळव्याला चूल पेटल्यावर जाणवतो तसा एक बारीक चटका लागतो आणि उलटा करताच तो क्षणात नाहीसा होतो. हवा तीच, हात तोच, जागा तीच. बदलले ते एवढेच की तळव्याला आता पत्रा दिसत नाही. नंतर तळवा पुन्हा वर करा आणि वीतभर अंतरावर एक वर्तमानपत्र आडवे धरा. चटका पुन्हा थांबेल. गरम हवा कागदाला वळसा घालून येऊ शकली असती, किरणांना तसे वळता येत नाही. तुमच्या वडिलांना हा प्रयोग स्वतः करू द्या, कारण याबाबतीत आकड्यांपेक्षा तळवा लवकर पटवतो.

आपल्याकडे ही गोष्ट प्रत्येक घरातील बाईला ठाऊक असते, फक्त तिला नाव दिलेले नसते. ज्वारीची भाकरी तव्यावर दोन्ही बाजूंनी शेकून झाली की ती उचलून चुलीच्या तोंडाशी, निखाऱ्यांसमोर उभी करतात. भाकरी निखाऱ्याला टेकलेली नसते आणि जाळ तिच्यावर येत नाही. गरम हवा तर चुलीतून वर निघून जात असते. तरीही निखाऱ्याकडे तोंड केलेला पापुद्रा पाहता पाहता टम्म फुगतो, त्यावर तपकिरी ठिपके उमटतात, आणि पाठीमागची बाजू तशीच पांढुरकी राहते, म्हणून भाकरी फिरवावी लागते. लाल झालेल्या निखाऱ्याचे तापमान ७०० अंश सेल्सिअस धरले, तर त्याच्या प्रत्येक चौरस मीटर पृष्ठभागातून सुमारे ५० किलोवॅट एवढी उष्णता किरणांच्या रूपाने बाहेर पडते. संक्रांतीला सोलापुरात होम मैदानावर होम पेटतो तेव्हाही असेच होते. जानेवारीच्या गारव्यात समोर उभ्या असलेल्यांची तोंडे तापतात आणि पाठी गारठलेल्या राहतात. पुढच्या रांगेतील उंच माणसाच्या आड आपण सरकलो की तोंडावरची धगही तत्काळ कमी होते.

ही किरणे प्रकाशाचीच भावंडे आहेत. १८०० साली विल्यम हर्शेल यांनी लोलकातून सूर्यप्रकाशाचा रंगपट्टा पाडला आणि प्रत्येक रंगात तापमापी ठेवून पाहिली. लाल रंगाच्या पलीकडे, जिथे डोळ्यांना काहीच दिसत नाही, तिथे पारा सर्वांत जास्त चढला. ती अवरक्त किरणे होत. ती प्रकाशाच्याच वेगाने जातात आणि त्यांना माध्यम लागत नाही. सूर्य सुमारे १५ कोटी किलोमीटरवर आहे, मधे बहुतांश पोकळी आहे आणि तरीही त्याची उष्णता साडेआठ मिनिटांच्या आत आपल्या पत्र्यावर पोहोचते. चहाच्या थर्मासमध्ये दोन भिंतींमधील हवा काढून टाकलेली असते, म्हणजे वहन आणि अभिसरण बंद झालेले असते. तेवढ्याने भागत असते तर आतून चांदीसारखा मुलामा देण्याची गरजच पडली नसती. तो मुलामा प्रारण अडवण्यासाठी असतो. १८९२ साली जेम्स ड्युअर यांनी असे भांडे तयार केले तेव्हापासून या युक्तीत मूलतः काही बदललेले नाही, आणि तुमच्या शेडचा उपायही शेवटी त्याच मुलाम्यापाशी येऊन थांबतो.

आणखी एक गोष्ट मनात पक्की बसली पाहिजे. किरणे फक्त तापलेली वस्तूच सोडते असे नाही. प्रत्येक वस्तू, अगदी बर्फाची लादीसुद्धा, आपापल्या तापमानानुसार सतत किरणे सोडत असते आणि इतरांची घेत असते. पियर प्रेव्हो यांनी १७९१ मध्ये ही देवाणघेवाणीची कल्पना मांडली. तुमचे अंग पत्र्याकडे किरणे पाठवते, पत्रा तुमच्याकडे पाठवतो आणि आपल्याला जाणवतो तो या दोन्हींमधला फरक. हिवाळ्यात पहाटे अंगणात उघड्यावर उभ्या असलेल्या मोटारसायकलच्या सीटवर दव पडलेले असते आणि शेजारीच पोर्चखाली उभ्या असलेल्या गाडीची सीट कोरडी असते, हे आपण रोज पाहतो. उघड्यावरची सीट रात्रभर निरभ्र आकाशाला किरणे देत राहते, आकाशाकडून तिला तेवढी परत मिळत नाहीत, म्हणून ती भोवतीच्या हवेपेक्षाही थंड होते. पोर्चखालच्या सीटला छताकडून जवळजवळ तेवढीच परत मिळतात. तुमच्या शेडमधील दुपार म्हणजे या हिशोबाची उलटी बाजू आहे.

आता आकडे. किती उष्णता बाहेर पडते हे तापमानाच्या चौथ्या घातावर अवलंबून असते, मात्र ते तापमान केल्विनमध्ये, म्हणजे सेल्सिअसमध्ये २७३ मिळवून, घ्यावे लागते. हा नियम योझेफ स्टेफान यांनी १८७९ मध्ये मोजमापांवरून काढला आणि लुडविग बोल्ट्झमन यांनी १८८४ मध्ये तो सिद्धान्ताने मांडला. पारा ४२ अंशांवर असताना आपल्याकडच्या जुन्या, मळकट पत्र्याचे तापमान मी दुपारी ६० ते ७० अंशांपर्यंत मोजलेले आहे, म्हणून ६५ अंश धरू. पूर्ण क्षमतेने किरणे सोडणारा असा पृष्ठभाग दर चौरस मीटरमागे सुमारे ७४० वॅट सोडतो. ३५ अंशांची आपली कातडी सुमारे ५१० वॅट परत पाठवते. फरक राहिला २३० वॅटचा. तोच पत्रा कसेही करून ४५ अंशांवर आणला तर फरक ७० वॅटवर येतो, आणि ४० अंशांवर आणला तर अवघ्या ३४ वर. तापमान २५ अंशांनी उतरले आणि झळ जवळपास सातव्या हिश्श्यावर आली, हे लक्षात घ्या, कारण खर्च कुठे करायचा याचे उत्तर या एका वाक्यात आहे.

मोटारींचाही हिशोब करून टाकू, म्हणजे घरातला वाद मिटेल. एक अश्वशक्तीची मोटार पूर्ण भारावर चालली तर सुमारे पाऊण किलोवॅट शक्ती देते आणि ती सगळी शेवटी शेडमध्येच उष्णता होऊन राहते. २४ मागांचे १८ किलोवॅट झाले. तुमच्या छपराचे क्षेत्रफळ २४०० चौरस फूट, म्हणजे सुमारे २२३ चौरस मीटर आहे. पत्र्याच्या खालच्या बाजूने दर चौरस मीटरला निव्वळ दोनशे वॅट खाली आले, तर ते ४४ किलोवॅटच्या आसपास जाते. वडिलांचा मोटारींवरचा संशय निराधार नाही, पण भर दुपारी छप्पर मोटारींच्या दुपटीहून अधिक उष्णता आत सोडत असते. शिवाय तिच्यातला मोठा वाटा आधी जमीन, सूत गुंडाळलेले बीम आणि मागांचे लोखंड शोषून घेतात आणि मग त्यांना लागून असलेली हवा तापते. म्हणून मागाजवळ हात नेला की झळ मागाची वाटते.

छप्पर चार फुटांनी उंच करण्याच्या सल्ल्याबाबत मी स्पष्ट बोलतो, कारण हा सर्वांत खर्चिक आणि सर्वांत कमी फळ देणारा मार्ग आहे. अंतर दुप्पट झाले की झळ चौथ्या हिश्श्यावर येते, हा नियम शाळेत शिकलेला असतो आणि तो निखाऱ्यासारख्या लहान वस्तूला लागू पडतो. छप्पर ही लहान वस्तू नाही. तुम्ही त्याच्यापासून दूर गेलात तरी ते सगळीकडून दिसतच राहते, जसे मैदानात आकाश कुठूनही तेवढेच दिसते. शेडच्या मध्यभागी उभ्या असलेल्या माणसाच्या खांद्यापासून पत्रा दहा फूट वर धरला, तर त्या खांद्याला वरच्या बाजूला जे काही दिसते त्याचा प्रभावी हिस्सा ८७ टक्के पत्र्याचा असतो. छप्पर चार फूट उचलल्यावर तो ७८ टक्के होतो. कैच्या बदलण्याचा, खांब वाढवण्याचा आणि दीड-दोन महिने माग बंद ठेवण्याचा खर्च करून झळ फक्त एक दशांशाने कमी होते. उंच छपराचे इतर फायदे आहेत, साचलेल्या गरम हवेला जागा मिळते हे खरे, पण तुमच्या तक्रारीवर तो उपाय नव्हे.

टर्बो व्हेंटिलेटरचे तसे नाही. मोटारींची १८ किलोवॅट उष्णता हवेतच जाते आणि ती हवा वरून बाहेर काढून टाकणे योग्यच आहे, त्यामुळे ते बसवण्यास माझा विरोध नाही. पण ते प्रारणाला हात लावत नाहीत, आणि बसवल्यावर डोके भाजणे थांबेल अशी आशा ठेवली तर निराशा होईल. पंख्यांचेही तसेच. हवा कातडीपेक्षा गरम असताना पंखा अंगाला थंड करतो तो केवळ घाम वाळवून. सोलापूरच्या कोरड्या उन्हाळ्यात तो मार्ग चांगला चालला असता, परंतु कोरड्या हवेत सूत तुटते म्हणून मागांच्या शेडमध्ये आपण खिडक्या झाकतो आणि पाणी फवारून ओलावा राखतो. त्या ओलाव्यात घाम लवकर वाळत नाही. बाहेर उन्हात काम करणाऱ्या गवंड्याला जी सवलत निसर्ग देतो ती मागवाल्याला मिळत नाही, आणि म्हणूनच त्याच्या डोक्यावरची किरणे अडवणे हे मला केवळ सोयीचे काम वाटत नाही. बारा-बारा तास त्या पत्र्याखाली उभ्या राहणाऱ्या माणसाच्या प्रकृतीचा हा प्रश्न आहे.

आता मुख्य मुद्द्याकडे वळतो, आणि येथे थोडे सविस्तर लिहिणे आवश्यक आहे. दोन पृष्ठभाग एकाच तापमानाला असले तरी सारखी किरणे सोडत नाहीत. पूर्ण क्षमतेला १ मानले तर आपल्या कातडीची उत्सर्जनक्षमता ०.९७ च्या आसपास असते, गंजलेल्या किंवा धुळीने माखलेल्या पत्र्याची ०.८ च्या पुढे जाते, नव्या कोऱ्या जस्ती पत्र्याची ०.२५ च्या जवळपास असते आणि चकचकीत ॲल्युमिनियमच्या फॉइलची केवळ ०.०५. येथवर सोपे आहे. चूक होते ती पांढऱ्या रंगाबाबत. पांढरा रंग डोळ्यांना दिसणारी किरणे परतवतो म्हणून तो आपल्याला पांढरा दिसतो. सूर्याचा पृष्ठभाग सुमारे साडेपाच हजार अंशांचा आहे आणि त्याची किरणे अर्ध्या मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) तरंगलांबीच्या आसपास सर्वाधिक जोर धरतात. ६५ अंशांच्या पत्र्याच्या किरणांचा जोर साडेआठ मायक्रॉनच्या आसपास असतो, म्हणजे सतरा पट लांब. या लांब किरणांसाठी पांढरा रंग पांढरा नसतोच. त्यांच्या दृष्टीने तो जवळजवळ काळा असतो आणि त्याची उत्सर्जनक्षमता ०.९ असते.

हे मी पुस्तकातून शिकलो होतो, पण कामावर विसरलो. साधारण पंचवीस वर्षांपूर्वी शहराच्या पूर्व भागातील एका कारखान्याला नवा जस्ती पत्रा बसवला होता. मालकांना आत उजेड हवा होता, म्हणून पत्र्याच्या खालच्या बाजूला पांढरा तैलरंग द्यावा असे मी सुचवले आणि तो दिला गेला. शेड उजळली, सर्वांना आवडली. पहिल्याच मे महिन्यात तेथील एका वयस्क कामगाराने मला बाजूला घेऊन सांगितले, "साहेब, रंग दिल्यापासून वरनं धग जास्त येतीय." मी आधी ते मनाचे खेळ समजलो. रात्री हिशोब मांडला तेव्हा लक्षात आले की त्याचे म्हणणे शब्दशः खरे होते. ०.२५ क्षमतेचा चकचकीत पत्रा, तो ६५ अंशांना असता तरी, खाली दर चौरस मीटरला ५५ ते ६० वॅटच देत होता. मी त्याच्या अंगावर रंग चढवून ते दोनशेच्या जवळ नेले होते. नव्या पत्र्यातून किरणे कमी सुटत असल्याने तो स्वतः थोडा जास्त तापतो, एवढी सूट त्या हिशोबात द्यावी लागते, पण मूळ चूक माझी होती. त्या माणसाच्या डोक्याने माझ्या आधी ते मोजले होते. तेव्हापासून मी प्रत्येक शेडमध्ये आधी कामगारांना विचारतो की झळ कुठून येते, आणि यंत्र नंतर काढतो.

म्हणून पत्र्याची वरची आणि खालची बाजू यांच्याकडून आपल्याला नेमक्या उलट गोष्टी हव्या असतात. वर पांढरे हवे, कारण ते सूर्याची लहान किरणे परतवते आणि जी थोडी उष्णता आत शिरते ती लांब किरणांच्या रूपाने आकाशाकडे मोकळेपणाने सोडून देते. खाली चकचकीत हवे, कारण ते किरणे फारच थोडी सोडते. वरून नुसता चकचकीत पत्रा असला तर तो ऊन बऱ्यापैकी परतवतो खरा, परंतु उरलेले त्याला आकाशाला फारसे परत देता येत नाही, म्हणून तोही तापतोच.

तुमच्या बाबतीत पहिला खर्च छपराच्या वरच्या बाजूला करावा. मे महिन्यात दुपारी छपरावर दर चौरस मीटरला साधारण हजार वॅटच्या जवळपास ऊन पडते. मळकट पत्रा त्यातील तीनचतुर्थांश किंवा अधिक गिळतो, तर चांगला पांढरा परावर्तक रंग सुमारे पाचवा हिस्सा घेतो. हा रंग ॲक्रिलिकचा, छपरासाठी बनवलेला घ्या. बाजारात तो कूल रूफ या नावाने मागितला तर मिळतो. आपल्या अनेक विणकर कुटुंबांचे नातेसंबंध ज्या तेलंगणात आहेत तेथील सरकारने २०२३ मध्ये अशा छपरांसाठी स्वतंत्र धोरणच जाहीर केले आहे. रंग देण्यापूर्वी पत्रा घासून धुऊन घ्या, गंजाच्या जागी प्रायमर लावा आणि दर पावसाळ्यानंतर एकदा छप्पर धुवा, कारण धूळ बसली की पांढऱ्याचा गुण झपाट्याने उतरतो. साधा चुना स्वस्त पडतो आणि सिमेंटच्या स्लॅबवर तो उत्तम काम करतो, पण ओला चुना जस्ताला खातो, म्हणून जस्ती पत्र्यावर तो मारू नये. तुमच्या शेजारच्या कोणाचे छप्पर जुन्या ॲस्बेस्टॉस सिमेंटच्या पत्र्यांचे असेल तर ते कोरडे घासू नये. त्याची धूळ फुप्फुसाला घातक असते.

त्यानंतर उरलेल्या झळेसाठी खालची बाजू. पत्र्याखाली दोन-तीन इंच पोकळी सोडून ॲल्युमिनियम फॉइल लावलेली ग्लासवूल किंवा रॉकवूल, म्हणजे काचेच्या किंवा दगडाच्या तंतूंची लोकर, ताणून बसवतात. केवळ किरणांचा हिशोब केला तर जुना पत्रा आणि माणूस यांच्यामध्ये दोन्ही बाजूंनी चकचकीत असा एकच पडदा आला तरी किरणांची देवाणघेवाण तिसाव्या हिश्श्याच्या खाली जाते. प्रत्यक्षात हवाही थोडी उष्णता नेते, म्हणून एवढा लाभ मिळत नाही, तरी फरक तळव्याला लगेच कळतो. मात्र चकचकीत बाजूसमोर मोकळी हवा असली पाहिजे. ती फॉइल दोन थरांमध्ये दाबून टाकली तर उष्णता वहनाने सरळ पार होते आणि तिचा चकचकीतपणा वाया जातो. ती बाजू खाली, शेडकडे तोंड करून लावावी. वर तोंड केलेल्या फॉइलवर वर्षभरात धूळ आणि सुताचे तंतू बसतात आणि मग ती फॉइल राहत नाही. एक कळकळीची सूचना आहे: थर्माकोल किंवा बुडबुड्यांच्या प्लास्टिकवर चिकटवलेली स्वस्त फॉइल सुताच्या शेडमध्ये अजिबात लावू नका. कापसाचे तंतू, वायरिंगची ठिणगी आणि डोक्यावर पेट घेणारे प्लास्टिक, हे तिन्ही एका छताखाली असता कामा नये.

पत्र्यावर पोती टाकून पाणी मारण्याची रीत काही ठिकाणी आहे आणि ती निश्चित काम करते. एक लिटर पाणी वाफ होताना सुमारे पाऊण युनिटच्या थोडी कमी, म्हणजे ०.६७ युनिट (किलोवॅट-तास) उष्णता घेऊन जाते. पण तुमच्या छपरावर दर चौरस मीटरला ५०० वॅट या मार्गाने काढायचे म्हटले तर तासाला सुमारे १६५ लिटर पाणी लागेल आणि दुपारचे पाच तास धरले तर आठशेहून अधिक. ज्या शहरात नळाला रोज पाणी येत नाही, तेथे हा सल्ला देण्यास माझे मन होत नाही.

जुन्या लोकांनी हे सगळे न मोजता साधले होते. सोलापूर, बार्शी, मंगळवेढ्याकडच्या माळवदाच्या घरांत वर फूटभर पांढऱ्या मातीचा थर आणि खाली लाकडी कडीपाट असतो. दुपारचे ऊन तो थर ओलांडून कडीपाटापर्यंत येण्यास आठ-दहा तास घेते, म्हणजे झळ खाली पोहोचते तेव्हा रात्र झालेली असते आणि घरातली माणसे माळवदावर जाऊन झोपलेली असतात, जेथे तीच माती आकाशाला उष्णता देत गार होत असते. पत्र्याला असा उशीर करता येत नाही. तो सकाळी अर्ध्या तासात तापतो. पण तो संध्याकाळी तेवढ्याच लवकर निवतोही, तेव्हा सूर्य मावळल्यावर शेडच्या खिडक्या उघड्या ठेवून रात्रीची हवा आत घेण्याची सवय ठेवा.

काम सुरू करण्यापूर्वी मोजून घ्या. दुकानात मिळणारी अवरक्त तापमापीची बंदूक पुरेशी आहे, फक्त ती चकचकीत पृष्ठभागावर रोखली तर खोटे, बहुधा फारच कमी तापमान दाखवते, कारण ती पत्र्याचे नव्हे तर पत्र्यात पडलेले इतर वस्तूंचे प्रतिबिंब वाचते. म्हणून शिडी लावून पत्र्याच्या खालच्या बाजूला काळ्या इन्सुलेशन टेपचा तळहाताएवढा चौकोन दोन-तीन ठिकाणी चिकटवा आणि जवळ जाऊन त्याच चौकोनांवर बंदूक रोखा. भिंतीवर टांगलेल्या तापमापीवर मात्र विसंबू नका. ती हवेचे तापमान सांगते आणि तुमची तक्रार हवेची नाही. आठवडाभर दुपारी तीनचे आकडे वहीत लिहा. मग सगळे छप्पर एकदम न रंगवता निम्मी शेडच वरून पांढरी करा, पुढचा आठवडा दोन्ही भागांतील चौकोनांचे आकडे शेजारी शेजारी लिहा आणि दोन्हीकडच्या मागांवर उभ्या असलेल्या कामगारांना तळवा वर करून पाहायला सांगा. उरलेली निम्मी शेड रंगवायची की तो पैसा आधी फॉइलवर घालायचा, हे त्या वहीवरून आणि त्यांच्या सांगण्यावरून ठरवा.